बहुमत पद्धत की प्रमाणशीर पद्धत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागला की दुसऱ्या दिवसापासून तेच प्रश्न येऊ लागतात: इतक्या कमी मतांत इतक्या जागा कशा आल्या, आमची मतं गेली कुठे, बाकीच्या देशांत हे कसं चालतं? त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विषय फक्त संसदीय लोकशाहीचा, म्हणजे जिथे सरकार सभागृहातल्या पाठिंब्यावर टिकतं त्या देशांचा. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच सांगितलं आहे.

१. या दोन पद्धतींत मूळ फरक काय?

बहुमत पद्धतीत देशाचे मतदारसंघ पाडतात, प्रत्येकातून एकच प्रतिनिधी निवडतात आणि ज्याला सर्वांत जास्त मतं तो जिंकतो. दुसरा आलेला एका मताने हरो की एक लाखाने, त्याच्या हाती काही लागत नाही. भारताची लोकसभा आणि ब्रिटन व कॅनडाची कनिष्ठ सभागृहं अशीच निवडली जातात. प्रमाणशीर पद्धतीत एका मतदारसंघातून अनेक प्रतिनिधी निवडतात आणि पक्षाला जितकी टक्के मतं, साधारण तितक्या टक्के जागा मिळतात. नेदरलँड्समध्ये तर १५० जागांसाठी देशभरातली मतं एकत्र धरूनच वाटप होतं.

तडजोड दोन्हीकडे करावीच लागते, फरक वेळेचा आहे. बहुमत पद्धतीत ती मतदानाआधी होते: जागावाटप, युत्या, एकाच मोठ्या पक्षात नांदणारे गट. प्रमाणशीर पद्धतीत ती मतदानानंतर होते आणि बऱ्याचदा लेखी करार होऊन लोकांसमोर येते.

२. ३४ टक्के मतांत ६३ टक्के जागा कशा मिळू शकतात? मोजणीत घोळ असतो का?

मोजणीत घोळ नसतो, नियमच तसा आहे. ब्रिटनमध्ये २०२४ साली लेबर पक्षाला ३३.७ टक्के मतं पडली आणि ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. त्याच निवडणुकीत रिफॉर्म यूके पक्षाला १४.३ टक्के मतांत ५ जागा मिळाल्या आणि लिबरल डेमोक्रॅट्सना १२.२ टक्के मतांत ७२. कमी मतं मिळवणाऱ्याला चौदापटीहून जास्त जागा! रिफॉर्मची मतं देशभर पातळ पसरलेली होती आणि बहुतेक ठिकाणी तो दुसरा किंवा तिसरा आला. लिबरल डेमोक्रॅट्सची मतं ठरावीक मतदारसंघांत एकवटलेली होती.

आता दिल्ली विधानसभा पाहा. २०१५ मध्ये आम आदमी पक्षाला ५४ टक्के मतं आणि ७० पैकी ६७ जागा मिळाल्या. २०२५ मध्ये भाजपला साडेपंचेचाळीस टक्के मतं आणि ४८ जागा, तर 'आप'ला (आम आदमी पक्षाला) साडेत्रेचाळीस टक्के मतं आणि २२ जागा. दोन टक्क्यांच्या फरकाने २६ जागांचं अंतर पडलं. मतांतला छोटा फरक जागांत मोठा करून दाखवणं हे या पद्धतीचं अंगभूत लक्षण आहे. समर्थक याला स्पष्ट कौल म्हणतात, विरोधक कौलाची मोडतोड म्हणतात.

३. एकूण मतं कमी पडूनही एखादा पक्ष निवडणूक जिंकू शकतो का?

हो, आणि हे काही क्वचित घडत नाही. ब्रिटनमध्ये १९५१ साली लेबरला जास्त मतं पडली, सत्ता काँझर्व्हेटिव्ह पक्षाला मिळाली. फेब्रुवारी १९७४ मध्ये नेमकं उलट झालं. कॅनडात २०१९ आणि २०२१ अशा सलग दोन निवडणुकांत काँझर्व्हेटिव्ह पक्षाची मतं लिबरल पक्षापेक्षा जास्त होती, तरी सरकार लिबरल पक्षाचंच आलं. न्यूझीलंडमध्ये १९७८ आणि १९८१ साली मजूर पक्ष मतांत पुढे राहून हरला. तिथे त्यातून पुढे काय झालं ते प्रश्न १३ मध्ये आहे. प्रमाणशीर पद्धतीत असं घडणं कठीण, पण अशक्य नाही (प्रश्न १२).

४. विजेत्याला ५० टक्के मतांची अट घातली तर पद्धत प्रमाणशीर होईल ना?

नाही. हा गैरसमज फार जणांचा असतो. फ्रान्समध्ये पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर दुसरी फेरी होते. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहासाठी मतदार सगळ्या उमेदवारांना १, २, ३ असे पसंतीक्रम देतात, आणि शेवटच्या क्रमांकाचा उमेदवार बाद होत होत कोणीतरी निम्म्यापलीकडे जातो. दोन्ही ठिकाणी विजेत्याला व्यापक पाठिंबा लागतो आणि मतं फुटण्याची भीती कमी होते. पण मतदारसंघात जागा एकच असल्याने ती वाटून देता येत नाही. ऑस्ट्रेलियात २०२५ साली लेबर पक्षाला पहिल्या पसंतीची सुमारे ३५ टक्के मतं आणि १५० पैकी ९४ जागा मिळाल्या. मतांशी जागांचं प्रमाण राखायचं असेल तर एका मतदारसंघात एकापेक्षा जास्त जागा हव्यात किंवा वरून भरपाईच्या जागा हव्यात (प्रश्न ९). तिसरा मार्ग नाही.

५. प्रमाणशीर पद्धतीत जागा प्रत्यक्षात वाटतात कशा? टक्क्यांचे अपूर्णांक उरतील त्यांचं काय?

सगळी मेख या अपूर्णांकांतच आहे. समजा ५ जागांचा मतदारसंघ आहे आणि चार पक्षांना अशी मतं पडली: क ४८ हजार, ख २९ हजार, ग १४ हजार, घ ९ हजार.

डी'होंट नियमाने प्रत्येक पक्षाच्या मतांना १, २, ३ असं भागत जायचं आणि सर्वांत मोठे पाच भागाकार निवडायचे. ते येतात ४८, २९, २४, १६ आणि १४.५ हजार. म्हणजे क ला ३ जागा, ख ला २. ग ची १४ हजार मतं अवघ्या पाचशेने मागे राहिली, त्याला शून्य.

सेंट-लाग नियमाने भागायचं ते १, ३, ५ अशा विषम आकड्यांनी. आता मोठे पाच भागाकार येतात ४८, २९, १६, १४ आणि ९.६७ हजार. क ला २, ख ला २, ग ला १.

मतं तीच, मतदार तेच, आणि एका पक्षाचं त्या मतदारसंघातलं बहुमत गेलं. डी'होंट मोठ्या पक्षांकडे किंचित झुकतो. सेंट-लाग लहान पक्षांना बरा. न्यूझीलंड आणि जर्मनीत तोच वापरतात. पण सर्वांत मोठा फरक पडतो तो मतदारसंघात जागा किती यावर. ३ जागांच्या मतदारसंघात प्रमाण नीट साधत नाही, १५ जागांच्यात बऱ्यापैकी साधतं. एखादा देश 'प्रमाणशीर' आहे असं कोणी सांगितलं की मी आधी हा आकडा विचारतो.

६. राज्यसभेची निवडणूक प्रमाणशीर असते असं वाचलं. तिथे तर आमदार मत देतात, मग ती प्रमाणशीर कशी?

राज्यसभेसाठी संविधानाने 'एकल संक्रमणीय मत' ही पद्धत सांगितली आहे. आमदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो. निवडून येण्यासाठी लागणारा कोटा असा काढतात: एकूण मतांना जागा अधिक एक या आकड्याने भागायचं आणि एक मिळवायचा. महाराष्ट्रात २८८ आमदार आहेत. ६ जागांसाठी सर्वांनी मत दिलं तर प्रत्येक मताचं मूल्य १०० धरून २८,८०० भागिले ७, अधिक एक, म्हणजे ४,११५. व्यवहारात ४२ आमदार, म्हणजे साधारण दर ४२ आमदारांमागे पक्षाची एक जागा; प्रमाण साधतं ते असं. एखाद्याला कोट्यापेक्षा जास्त मतं पडली तर वरची मतं पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. कोटा कोणीच गाठला नाही तर शेवटच्या क्रमांकाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढे सरकतात. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात सहाव्या जागेसाठी रात्रभर जी चुरस चालली ती याच दुसऱ्या पसंतीच्या मतांची.

आयर्लंडच्या कनिष्ठ सभागृहासाठी आणि माल्टाच्या संसदेसाठी सामान्य मतदारही असंच मत देतात. राज्यसभेला मात्र २००३ पासून खुलं मतदान आहे. आमदाराने मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची असते, त्यामुळे पसंतीक्रम आमदाराचा कमी आणि पक्षाचा जास्त असतो.

७. किमान ५ टक्के मतांची अट कशासाठी? ती अन्यायकारक नाही का?

सभागृहात चिल्लर पक्षांची गर्दी होऊ नये म्हणून ही अट असते. जर्मनीत ती ५ टक्के आहे, इस्रायलमध्ये २०१४ पासून ३.२५ टक्के. नेदरलँड्समध्ये एका जागेपुरती मतं पुरतात, म्हणजे साधारण ०.६७ टक्के.

अट किती महागात पडू शकते ते तुर्कस्तानात २००२ साली दिसलं. तेव्हा तिथे संसदीय व्यवस्था होती, पद्धत कागदोपत्री प्रमाणशीर होती आणि अट १० टक्क्यांची. दोनच पक्षांनी ती ओलांडली. ३४ टक्के मतं मिळवणाऱ्या पक्षाला ५५० पैकी ३६३ जागा मिळाल्या आणि जवळपास ४५ टक्के मतदारांच्या पक्षांना संसदेत पाय ठेवता आला नाही. जर्मनीत २०२५ साली एक पक्ष ४.९८ टक्क्यांवर अडकला. इस्रायलमध्ये २०२२ साली मेरेत्झ हा नेतान्याहूंच्या विरोधातला पक्ष ३.१६ टक्क्यांवर थांबला. नेतान्याहूंच्या आणि विरोधी बाजूच्या एकूण मतांत फारसा फरक नव्हता, तरी नेतान्याहूंच्या गटाला १२० पैकी ६४ जागा मिळाल्या.

माझं मत: ३ ते ४ टक्क्यांपर्यंतची अट समजू शकते. १० टक्क्यांची अट म्हणजे प्रमाणशीर पद्धत दारातच अडवणं.

८. यादी पद्धतीत माझा खासदार कोण? गाऱ्हाणं घेऊन जायचं कोणाकडे?

यादी पद्धतीत पक्ष उमेदवारांची यादी देतो, मतदार पक्षाला मत देतो आणि पक्षाला मिळालेल्या जागा त्या यादीतून भरतात. ही हरकत सर्वांत वजनदार आहे. संपूर्ण देश एकच मतदारसंघ असेल तर 'आपला' खासदार असा राहत नाही. यादी बंद असेल, म्हणजे क्रम पक्षाने ठरवलेला असेल, तर खासदाराचं लक्ष मतदारापेक्षा पक्षाच्या मुख्यालयाकडे राहतं. यावर तीन उपाय प्रचलित आहेत. पहिला खुली यादी, जिथे मतदार यादीतल्या उमेदवारालाच मत देतो. दुसरा आयर्लंडसारखे तीन ते पाच जागांचे मतदारसंघ. तिथे मतदाराला एक सोडून अनेक खासदार असतात, आणि एकाच पक्षाचे उमेदवारही एकमेकांशी स्पर्धा करतात. तिसरा मिश्र पद्धत, ती पुढच्या उत्तरात आहे.

९. मिश्र पद्धत म्हणजे निम्मं इकडचं, निम्मं तिकडचं एवढंच ना?

तेवढंच नाही, आणि इथेच सर्वांत जास्त फसगत होते. मिश्र पद्धतीचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे परिणाम टोकाचे वेगळे आहेत.

१२० जागांचं सभागृह घ्या: ६० मतदारसंघांच्या, ६० यादीच्या. एका पक्षाला ४० टक्के मतं पडली आणि त्याने ४५ मतदारसंघ जिंकले.

भरपाई पद्धतीत त्याचा एकूण हक्क १२० च्या ४० टक्के, म्हणजे ४८. मतदारसंघांतून ४५ आलेल्याच आहेत, म्हणून यादीतून फक्त ३ मिळतात. एकूण ४८. न्यूझीलंड आणि जर्मनी या बाजूचे.

समांतर पद्धतीत दोन्ही हिशेब वेगळे. ६० च्या ४० टक्के म्हणजे २४, अधिक ४५. एकूण ६९, म्हणजे ४० टक्के मतांत स्पष्ट बहुमत. जपानचं प्रतिनिधिगृह (२८९ मतदारसंघ, १७६ यादी) आणि नेपाळचं प्रतिनिधिगृह (१६५ आणि ११०) या प्रकारात मोडतात.

भरपाई पद्धतीचीही एक डोकेदुखी आहे. एखाद्या पक्षाने हक्कापेक्षा जास्त मतदारसंघ जिंकले तर काय करायचं? जर्मनीत इतरांना जास्तीच्या जागा देत देत २०२१ साली तिथली संसद, बुंडेस्टाग, ७३६ सदस्यांची झाली. म्हणून २०२३ च्या कायद्याने सदस्यसंख्या ६३० वर गोठवली. परिणामी २०२५ मध्ये २३ उमेदवार आपापल्या मतदारसंघांत पहिले येऊनही सभागृहात पोचले नाहीत. प्रमाण राखायचं की स्थानिक विजेत्याचा मान राखायचा, यातलं एक त्यांनी निवडलं. मला तो निर्णय कठोर वाटतो, पण चुकीचा वाटत नाही.

१०. प्रमाणशीर पद्धतीत सरकारं सतत पडतात आणि लहान पक्ष वेठीला धरतात, हे खरं आहे का?

आघाड्या होतात हे खरं. सरकारं सतत पडतात हे देशागणिक बदलतं. इस्रायलमध्ये एप्रिल २०१९ ते नोव्हेंबर २०२२ या काळात पाच निवडणुका झाल्या. बेल्जियमला २०१० च्या निवडणुकीनंतर सरकार बनवायला ५४१ दिवस लागले. दुसरीकडे जर्मनीत १९४९ पासून २०२५ पर्यंत १० चान्सलर (म्हणजे सरकारप्रमुख) झाले, आणि त्याच काळात बहुमत पद्धतीच्या ब्रिटनमध्ये १८ व्यक्ती पंतप्रधानपदी बसल्या.

जर्मनीच्या स्थैर्यात एका कलमाचा मोठा वाटा आहे. तिथे नुसता अविश्वास ठराव आणून चान्सलरला काढता येत नाही, त्याच ठरावात नवा चान्सलर निवडावा लागतो. हे आजवर एकदाच यशस्वी झालं: १९८२ मध्ये, हेल्मुट श्मिट गेले आणि हेल्मुट कोल आले.

बहुमत पद्धत एकपक्षीय सरकारची हमी देत नाही हेही लक्षात ठेवा. भारतात १९८९ ते २००९ या सातही लोकसभा निवडणुकांत कोणत्याच पक्षाला एकट्याच्या बळावर बहुमत मिळालं नाही. २०२४ मध्येही मिळालं नाही.

वेठीला धरण्याबद्दलची तक्रार मात्र मी उडवून लावणार नाही. जर्मनीतला एफडीपी हा पक्ष साधारण ६ ते ११ टक्के मतांवर १९६९ पासून १९९८ पर्यंत जवळजवळ अखंड सत्तेत होता, मोठा जोडीदार तेवढा मध्ये बदलला. सरकार नको असेल तर मतदाराने ते एका मतदानात पूर्ण हाकलावं, ही गोष्ट बहुमत पद्धतीत जास्त सोपी असते. तिच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मला हाच वाटतो.

११. बहुमत पद्धतीत शेवटी दोनच पक्ष उरतात म्हणे. मग भारतात आणि कॅनडात इतके पक्ष कसे?

मत वाया जाऊ नये म्हणून मतदार पहिल्या दोघांकडे वळतात, असा फ्रेंच अभ्यासक मॉरिस द्युव्हर्जे यांचा सिद्धान्त आहे. तो मतदारसंघाच्या पातळीवर बऱ्यापैकी लागू पडतो. पण प्रत्येक मतदारसंघातली जोडी तीच असेल असं नाही. एका राज्यात क विरुद्ध ख, दुसऱ्यात ग विरुद्ध घ, मिळून संसदेत चाळीस पक्ष. ही पद्धत लहान पक्षांना सरसकट मारत नाही, पसरलेल्या पक्षांना मारते. कॅनडात १९९३ साली ब्लॉक केबेक्वा हा एकाच प्रांतात लढणारा पक्ष साडेतेरा टक्के मतांत ५४ जागा घेऊन प्रमुख विरोधी पक्ष झाला, आणि देशभर १६ टक्के मतं मिळवणारा, तोवर सत्तेत असलेला पक्ष २ जागांवर आला. भारतात २०१४ साली बहुजन समाज पक्षाला ४ टक्क्यांहून जास्त मतं मिळूनही लोकसभेत एकही जागा मिळाली नाही, कारण तेच.

१२. प्रमाणशीर पद्धत असूनही निकाल उलटा लागल्याचं उदाहरण आहे का?

माल्टा, १९८१. पसंतीक्रमाची पद्धत, पाच जागांचे मतदारसंघ. नॅशनॅलिस्ट पक्षाला ५०.९ टक्के मतं पडली, पण ६५ पैकी ३४ जागा लेबरला गेल्या. मतदारसंघ लहान आणि त्यांच्या सीमा मोक्याच्या, एवढं पुरलं. १९८७ मध्ये घटनादुरुस्ती करून निम्म्याहून जास्त मतं मिळवणाऱ्या पक्षाला सभागृहात बहुमत मिळेल अशी सोय केली गेली.

ग्रीसमध्ये २०२३ साली तर प्रयोगशाळेतल्यासारखं घडलं. मे महिन्यात साध्या प्रमाणशीर नियमाने निवडणूक झाली, न्यू डेमोक्रसी पक्षाला ४०.८ टक्के मतं आणि ३०० पैकी १४६ जागा मिळाल्या. बहुमत नाही. जूनमध्ये पुन्हा निवडणूक झाली, आता पहिल्या पक्षाला बोनस जागा देणारा नियम लागू होता. मतं किंचित घटून ४०.६ टक्के झाली, जागा १५८ झाल्या आणि एकपक्षीय सरकार आलं.

१३. इतक्या तक्रारी असून देश पद्धत बदलत का नाहीत?

कारण बदलण्याचा अधिकार जुन्या पद्धतीने जिंकलेल्यांकडे असतो. न्यूझीलंड हा मोठा अपवाद. प्रश्न ३ मधल्या दोन निकालांनंतर शाही आयोग नेमला गेला, त्याने १९८६ मध्ये भरपाईची मिश्र पद्धत सुचवली. १९९२ आणि १९९३ मध्ये सार्वमत झालं आणि १९९६ ची निवडणूक नव्या पद्धतीने झाली. २०११ मध्ये लोकांना पुन्हा विचारलं, सुमारे ५८ टक्के लोकांनी तीच ठेवायला सांगितलं.

बाकी ठिकाणी गाडी अडली. ब्रिटनमध्ये २०११ च्या सार्वमतात पसंतीक्रमाची सुधारणा सुमारे ६८ टक्के मतदारांनी नाकारली (ती प्रमाणशीर नव्हतीच, प्रश्न ४ पाहा). कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २००५ साली ५७.७ टक्के लोक बदलाच्या बाजूने होते, पण अट ६० टक्क्यांची होती. आयर्लंडमध्ये उलटा प्रयत्न झाला: १९५९ आणि १९६८ मध्ये सत्ताधाऱ्यांनी बहुमत पद्धत आणू पाहिली, लोकांनी दोन्ही वेळा नकार दिला.

१४. महिलांना जास्त जागा कोणत्या पद्धतीत मिळतात?

साधारणपणे यादी पद्धतीत. एकच उमेदवार द्यायचा असतो तेव्हा पक्ष 'निवडून येणारा' म्हणून ठरलेल्या साच्यातला पुरुष देतात. वीस नावांच्या यादीत सगळेच पुरुष दिसले तर ते लपत नाही, आणि यादीत स्त्री-पुरुषांच्या क्रमाची सक्ती कायद्याने करता येते. न्यूझीलंडच्या संसदेत महिला १९९३ मध्ये २१ टक्के होत्या, १९९६ मध्ये २९ टक्के झाल्या. नेपाळच्या संविधानाने प्रत्येक पक्षाच्या संसद सदस्यांत एक तृतीयांश महिला सक्तीच्या केल्या आहेत. मतदारसंघांतून बहुतेक पुरुषच निवडून येत असल्याने पक्षांना ती भरपाई यादीतून करावी लागते.

१५. खासदाराचा मृत्यू झाला किंवा त्याने राजीनामा दिला तर पोटनिवडणूक होते का?

यादी पद्धतीत बहुधा होत नाही, यादीतला पुढचा उमेदवार येतो. आयर्लंडमध्ये पोटनिवडणूक होते, आणि जागा एकच असल्याने ती प्रमाणशीर राहत नाही.

१६. भारतात पद्धत बदलायची तर संविधान बदलावं लागेल का?

'सर्वांत जास्त मतं तो विजयी' हा नियम संविधानात नाही, तो १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातून येतो. अनुच्छेद ८१ म्हणतो की लोकसभेचे सदस्य प्रादेशिक मतदारसंघांतून थेट निवडणुकीने निवडावेत. एका मतदारसंघातून एकच सदस्य हवा असंही बंधन सुरुवातीला पाळलं गेलं नव्हतं: १९५२ आणि १९५७ मध्ये कित्येक मतदारसंघ द्विसदस्यीय होते, ते १९६१ च्या कायद्याने बंद झाले. म्हणजे पसंतीक्रम आणायला कायदा पुरेल असं म्हणता येतं. देशभराची यादी आणायची तर मात्र घटनादुरुस्ती लागेल.

संविधान सभेत जानेवारी १९४९ मध्ये प्रमाणशीर पद्धतीची दुरुस्ती आली होती. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला: पसंतीक्रमाचे आकडे लिहायला मतदार साक्षर हवा, आणि सभागृहाचे तुकडे झाले तर सरकार टिकणार नाही. पहिला आक्षेप आज बराच सैल झाला आहे. दुसऱ्यावर वाद चालूच आहे, प्रश्न १० त्याबद्दलच आहे. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात मधला मार्ग सुचवला: लोकसभेच्या जागा सुमारे २५ टक्क्यांनी वाढवायच्या आणि वाढीव जागा यादी पद्धतीने भरायच्या. असा प्रस्ताव पुन्हा समोर आला तर पहिली चौकशी ही करा, की यादीच्या जागा भरपाईच्या असतील की समांतर. प्रश्न ९ मधले ४८ आणि ६९ हे आकडे त्या एका ओळीवर ठरतात.